बोडक्यावरचा कौल

प्रथम माफी मागतो. आत्मकथन लिहावे असे माझ्या हातून काही घडलेले नाही. आमच्या घरात माझ्या आधी कोणी कॉलेजची पायरी चढले नव्हते, त्यामुळे लिहिणे हे दुसऱ्या कोणाचे तरी काम आहे, आपण ते वाचायचे, ही समजूत अंगात मुरलेली आहे. नोकरीत असताना रजेचा अर्जसुद्धा मी आधी कच्चा लिहून पाहत असे. हेही आधी कच्चेच लिहिले होते. नातीने वाचले आणि म्हणाली, आजोबा, यात तुम्ही सारखे 'मला वाटते' का म्हणता, तुम्हाला आठवते ना? आठवते. भांडवल तेवढेच आहे. तेव्हा एका उन्हाळ्यातला एक दिवस आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ, एवढेच इथे लिहितो. चुकले तर सांभाळून घ्यावे.

आमचे घर सुदुंबऱ्यात, गावाच्या कडेला, मागच्या दाराने थेट शेतात उतरणारे. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. शेती बघून ते कंपनीत पाळीला जात, त्यामुळे आमच्या घरातली सकाळ-संध्याकाळ सूर्यावर नव्हे, दादांच्या पाळीवर ठरायची. रात्रपाळी असली की सकाळी सगळ्यांनी हळू बोलायचे, भांडे आपटायचे नाही, आणि आई भाकरीसुद्धा हलक्या हाताने थापायची. एरवी तिच्या थापण्याचा आवाज गोठ्यापर्यंत जायचा. तो आवाज आला की मी ओळखायचो, दादा जागे आहेत, आज मोठ्याने वाचता येईल. मोठ्याने वाचल्याशिवाय माझ्या डोक्यात काही शिरत नसे. आईला अक्षर येत नव्हते, पण मी अडखळलो की चुलीपुढून म्हणायची, "पुन्यांदा म्हन. आत्ता ते नीट न्हाई झालं." माझा पहिला मास्तर कोण असे कोणी विचारले तर मी तिचेच नाव सांगेन.

कॉलेज तळेगावात. सायकलने इंदुरीतून जायचे, किल्ल्याच्या दरवाजावरून, मग इंद्रायणीचा पूल. पुलावर वारा इतका असायचा की दप्तराचा पट्टा दातात धरावा लागे. वर्गात मी मागे बसायचो. पहिले काही महिने मी कोणाशी बोललो नाही, कारण तोंड उघडले की आपले गाव बाहेर पडते हे मला कळले होते. माझ्यासारखाच न बोलणारा आणखी एक मुलगा शेवटच्या बाकावर होता. तो धर्मा. लोणावळ्याकडून गाडीने यायचा, आणि गाडीच्या आधी वलवणच्या वरच्या एका कोळ्यांच्या वाडीतून डोंगर उतरून स्टेशनापर्यंत चालायचा. त्याच गाडीने शेखर यायचा. त्याचे वडील रेल्वेत, घर रेल्वेच्या क्वार्टरमध्ये, आई फार देवाधर्माची. शेखर आम्हा दोघांच्या वाटचे बोलायचा. त्याने आम्हाला एकमेकांशी बोलायला लावले असे म्हटले तरी चालेल. मला तो मारत्या म्हणायचा. माझे नाव मारुती.

बारावीची परीक्षा झाली आणि पुढे काय हा प्रश्न आला. मला पुण्याला जायचे होते. दादांची ना नव्हती, पण एक अट होती. माझा एक चुलतभाऊ आधी पुण्याला वर्कशॉपमध्ये गेला होता, एकटाच. दिवाळीला घरी आला तो परत गेलाच नाही, आणि नंतर गावाबाहेर पडायलाही घाबरू लागला. दादांच्या मनात ते बसले होते. ते म्हणाले, "एकट्यानं जायाचं न्हाई. तो तुझा डोंगरातला दोस्त येत आसंल तर खुशाल जा. दोघं आसलं की मानूस टिकतं." मी हो म्हणालो, आणि खरे सांगायचे तर मला स्वतःलाही एकट्याने जाण्याची हिंमत नव्हती. म्हणजे माझे पुणे धर्माच्या हातात होते. आणि धर्माचे पुणे त्याच्या वडिलांच्या हातात होते, आणि वडिलांचा हात देवाच्या हातात.

धर्माच्या वडिलांना सगळी वाडी आबा म्हणायची, म्हणून आम्हीही आबाच म्हणायचो. उंच, वाळके, आवाज बारीक. पावसाळ्यात नाचणी आणि थोडे भात, बाकी वर्षभर खाली बंगल्यांवर मजुरी. दगड फोडण्याच्या कामावर बरीच वर्षे काढल्यामुळे त्यांच्या छातीत कायम बारीक शिट्टी वाजायची, आणि चढ आला की थांबावे लागायचे. आबांनी जन्मात एकही मोठी गोष्ट देवाला न विचारता केली नव्हती. कोणत्या वावरात पेरणीआधी राब भाजायचा, म्हैस विकायची की ठेवायची, थोरली मुलगी कोणत्या स्थळी द्यायची, सगळे कौल लावून. वाडीच्या डोक्यावर एक डोंगर आहे, त्याला वाडीतली माणसे बोडक्या म्हणतात, कारण त्याच्या माथ्यावर झाड नाही. तिथे शेंदूर लावलेला एक धोंडा आहे, तोच देव. देऊळ नाही, छप्पर नाही. हातसडीच्या तांदळाचे दोन दाणे पाण्यात भिजवून त्याच्या दोन खांद्यांवर चिकटवायचे, मनातला प्रश्न विचारायचा आणि समोर बसून राहायचे. आधी उजवा दाणा पडला तर हो. डावा पडला तर नाही. ज्याचा प्रश्न असेल त्यानेच चढायचे. एकदा लावलेला कौल दसऱ्यापर्यंत पुन्हा लावायचा नाही. आणि उन्हाळ्यात देवाकडे जाताना खालच्या झऱ्याचे तांब्याभर पाणी न्यायचे. दाणे त्यातच भिजवायचे, उरलेले देवावर घालायचे. देवाचे पाणी परत खाली आणायचे नाही, म्हणून तांब्या पालथा धरून उतरायचे.

त्या उन्हाळ्यात खालच्या एका बंगल्यावर माळ्याची जागा रिकामी झाली होती. शेठने आबांना सांगितले होते, तुमचा पोरगा द्या, राहायला खोलीही देतो. जागा चांगली होती, मी ती नावे ठेवण्यासाठी सांगत नाही. मुलगा डोळ्यांसमोर राहिला असता. इकडे पुण्याच्या सरकारी वसतिगृहात धर्माला जागा मिळण्यासारखी होती. आबा दोन्हीकडे हो म्हणून बसले होते. शेवटी म्हणाले, "देव म्हनंल तसं. धर्मा, तू जा वर." धर्माने आम्हाला सांगितले, आणि शेखर म्हणाला की मग आपण तिघेही जाऊ, सहल होईल. मी सहलीसाठी गेलो नव्हतो. मला तो दाणा पडताना बघायचा होता.

पहिल्या गाडीने मी लोणावळ्याला उतरलो. शेखर स्टेशनावर उभा होता, खांद्याला पाण्याची खाकी पिशवी, हातात आईने दिलेला डबा. दशम्या आणि लिंबाचे लोणचे, हे त्याने डबा न उघडता सांगितले. धरणाच्या कडेने आम्ही वाडीत पोचलो तेव्हा धर्माची आई, आम्ही तिला मावशी म्हणायचो, अंगण सारवत होती. तिने आम्हाला नाचणीची आंबील दिली, ताकातली, वर चिरलेला कांदा. धर्माची धाकटी बहीण हौसा तेव्हा परकरातली, तिने तांदळाचे दाणे चिंधीत बांधून भावाच्या खिशात घातले आणि झऱ्याचे पाणी भरून तांब्यावर फडके बांधले. आबा ओट्यावर घायपाताची दोरी वळत बसले होते. आम्ही निघालो तेव्हा फक्त म्हणाले की निम्म्यावर उंबराखाली बसा, तिथून पुढे सावली नाही.

उंबर खरोखर निम्म्यावर होता. त्याच्या बुडाशी एक सपाट दगड, बसून बसून गुळगुळीत झालेला. आबा वर जाताना या दगडावर बराच वेळ बसतात, अलीकडे तर फारच वेळ, असे धर्मा म्हणाला. आम्हीही बसलो. शेखरने मास्तरांच्या नकला केल्या, मी हसलो, धर्मा अर्धवट हसला. मग उंबर सोडला आणि पुढे नुसता डोंगर लागला. त्या साली वणवा त्या बाजूने फिरून गेला होता. गवत मुळापर्यंत जळलेले, पाऊल टाकले की काळी राख उडायची आणि घोट्यापर्यंत बसायची. जिथे जळले नव्हते तिथे कुसळे पायजम्यात शिरायची. मधून मधून काळा कातळ, हात टेकवावा तर चटका बसेल असा. वर पोचेपर्यंत शेखरची पिशवी रिकामी झाली होती. धर्माच्या हातातला तांब्या मात्र तसाच होता, फडक्यासकट. वाटेत एकदा मी त्याच्याकडे बघितले असेन. धर्मा म्हणाला, "ते देवाचं हाय."

आजकाल लोणावळ्याचे फोटो बघितले की सगळे हिरवे असते, धुके, धबधबे. माझ्या आठवणीतला तो माथा तसा नाही. भूगोलाच्या पुस्तकात वाळवंटाचे चित्र असायचे, त्यात फक्त वाळूऐवजी मुरूम घाला. सपाट, तांबूस, भेगाळलेला. एक कोरीव टाके होते, त्याच्या तळाशी चिखल वाळून त्याच्या खपल्या उलट्या वळल्या होत्या. वारा गरम होता आणि थांबत नव्हता. खाली धरणाचे पाणी चकाकताना दिसायचे, ते बघून घसा जास्तच कोरडा पडायचा. दूर घाटात गाडी चढत होती, तिला मागून लावलेल्या इंजिनाचा आवाज वाऱ्याबरोबर तुटक तुटक वर यायचा. आणि मध्यभागी तो धोंडा, गुडघ्याएवढा, शेंदूर उन्हाने फिकट झालेला. सुट्टीत पुढे मी पुष्कळ मोठे देव पाहिले, रांगेत उभा राहून पाहिले. इतका एकटा देव पुन्हा पाहिला नाही.

धर्माने तांब्या देवाच्या बाजूला सावलीत ठेवला आणि आम्ही दोघे टाक्याकडे गेलो. तळाशी कुठे ओल आहे का बघायची होती, देवाला वाहायला एखादे हिरवे पान मिळाले तर बरे असे धर्माच्या मनात होते. शेखर देवापाशी थांबला. आता शेखरचे घर मी पाहिले होते म्हणून सांगतो, त्या घरात देवापुढे जायचे तर आधी हातपाय धुवायचे, चूळ भरायची, मग नमस्कार. तो श्वास घेण्याइतका साधा नियम होता. आणि त्याचे पाय घोट्यापर्यंत काळे झाले होते. समोर देव आणि शेजारी पाण्याचा भरलेला तांब्या. त्याला वाटले, हे त्यासाठीच आणले आहे. वाडीच्या रीती त्याला कोणी सांगितल्या नव्हत्या. मला धर्माने सांगितल्या होत्या, त्याला सांगायचे राहून गेले होते.

आम्ही परत आलो तेव्हा तो स्वच्छ पायांनी देवापुढे हात जोडून उभा होता. तांब्या रिकामा आणि मुरमात एक ओला डाग, तोही आमच्या डोळ्यांदेखत आटत चाललेला. धर्मा तांब्याकडे बघत राहिला. मीच शेखरला विचारले, आणि सगळे कळल्यावर त्याचा चेहरा असा झाला की मला त्याच्याकडे बघवेना. "पारोसं कसं जायचं देवासमोर?" एवढेच तो म्हणाला, आणि मग खाली धावत जाऊन पाणी घेऊन येतो म्हणून उठला. धर्माने त्याला हाताला धरून बसवले. खाली जाऊन वर येईपर्यंत दिवस मावळला असता. शिवाय एकदा माथ्यावर येऊन कौल न लावता उतरायचे नाही, तोही देवाचा नकारच समजतात.

थुंकी चालणार नव्हती, ते उष्टे झाले असते. धर्मा बराच वेळ देवापुढे बसला. मग त्याने चिंधी सोडली, दोन दाणे काढले, कपाळावरून अंगठा फिरवला आणि त्या घामात दाणे भिजवले. "आपलंच पानी," तो म्हणाला, आम्हाला की देवाला ते माहीत नाही. एक दाणा उजव्या खांद्यावर लावला, एक डाव्या. ओठ हलले. आम्ही त्याच्या मागे बसलो.

मी आयुष्यात पुष्कळ वाट पाहिली आहे, निकालाची, बदलीची, दवाखान्याच्या बाकावर बसून. तशी वाट मात्र कधी पाहिली नाही. उजव्या दाण्याकडे बघून माझे डोळे भरून यायचे आणि पाण्यातून तो हलल्यासारखा वाटायचा. वारा इतका होता की आमच्या टोप्या उडत होत्या, पण दाणे जागचे हलले नाहीत. घाम वाळला आणि ते शेंदरात घट्ट बसले. सावल्या एका बाजूच्या दुसऱ्या बाजूला गेल्या. धर्माच्या सांगण्यावरून आम्ही दशम्या खाल्ल्या, पाण्याशिवाय, घशात अडकत. शेखरने खाल्ल्या नाहीत. त्याची दशमी मी खाल्ली, हे आठवून आजही कसेसेच होते. शेवटी उन्हे तांबडी झाली आणि धर्मा उठला. "बोलत न्हाई देव," तो म्हणाला. "चला."

उतरताना उंबर आला. तिथे शेखर थांबला. त्याने विचारले की कौल कोण बघायला येणार आहे, धर्माने घरी सांगावे की उजवा पडला. सगळी चूक माझी आहे, पाप लागले तर मला लागू दे, असेही म्हणाला. माझेही मन तेच म्हणत होते. धर्माने त्याच्याकडे रागाने बघितले नाही. आमच्यात तो सगळ्यांत मोठा वाटला त्या वेळी. म्हणाला, "आबाला खोटं सांगू? आन् देवाच्या नावानं? मग मी पुन्याला जाऊन काय शिकनार हाय?" आणि चालू लागला.

आबा ओट्यावर तसेच होते, दोरीचे वेटोळे वाढले होते. धर्माने उभ्याउभ्याच सगळे सांगितले, पाण्याचे, घामाचे, दाणे न पडल्याचे. शेखर खाली मान घालून उभा. मला वाटले आता याला काय ऐकावे लागते. आबांनी त्याच्या पायांकडे बघितले, उतरताना ते पुन्हा काळे झाले होते, आणि त्यांच्या छातीतली शिट्टी वाजू लागली. ते हसत होते. "पाय देवाच्या दारातच धुतलंस न्हवं? दुसऱ्याच्या तर न्हाई? एक दिस तहानला ऱ्हायला तर देव काय मरत न्हाई, पोरा." मग धर्माकडे वळून म्हणाले की दाणे अजून वर आहेत, म्हणजे देवाने नाही म्हटलेले नाही. पहाटे दव पडते, दवाने सुटेल एखादा. ते सकाळी स्वतः जाऊन बघतील. धर्मा म्हणाला मी जातो. आबा म्हणाले, "इचारलंस तू. बघायला कुनीबी चालतं."

त्या दिवशी आम्हाला जाऊ दिले नाही. मावशींनी कैरीचे सार केले होते, नाचणीची गरम भाकरी, ठेचा. शेखरसाठी त्यांनी वेगळ्या चुलीवर वरईचा भात शिजवला, तो म्हणत होता मला भाकरी चालते म्हणून. अंगणात घोंगडी टाकून आम्ही झोपलो. घाटातल्या इंजिनांचा आवाज ऐकत ऐकत मी मनात आईला सांगून टाकले की माझे पुण्याचे काही होत नाही, मी इथेच राहतो.

जागा झालो तेव्हा उजाडत होते. आबा वर गेले होते, तांब्या घेऊन. हौसाही राबात जाळायला वाळला पालापातेरा गोळा करायला पाटी घेऊन डोंगरात गेली होती. आम्ही ओट्यावर बसलो. मावशी चुलीत फुंकर घालत होत्या, पण त्यांचे लक्ष वाटेकडे होते. ऊन अंगणात उतरले तोच आबा दिसले. तांब्या पालथा धरलेला. पालथा तांब्या बघून धर्मा उभा राहिला. आबा आले, ओट्यावर टेकले, श्वास खाली बसेपर्यंत थांबले, आणि मग आमच्यापैकी कोणाकडेही न बघता म्हणाले, "उजवा पडला. जा."

मावशी म्हणाल्या, आज लवकर आलासा. आबा म्हणाले, सकाळचं गार व्हतं. मावशींनी पदर तोंडाला लावला आणि आत गेल्या. शेखर आबांच्या पाया पडला आणि रडला, मोठ्याने, लहान मुलासारखा. मी तिथून पळत स्टेशन गाठले आणि तळेगावहून सायकल अशी हाणली की पुलावरचा वारासुद्धा मला अडवू शकला नाही. आई भाकरी थापत होती. मी म्हणालो, धर्मा येतोय. तिने हात झाडले आणि म्हणाली, "पुन्यांदा म्हन."

पुण्याचे दिवस इथे लिहीत नाही. टिकलो दोघेही. धर्मा शिक्षक झाला, पुढे मुख्याध्यापक. त्याच्या वर्गातली किती पोरे त्याच्यासारखी डोंगर उतरून येत असतील. मी सरकारी कचेरीत चिकटलो. शेखर वडिलांच्या जागी रेल्वेत लागला आणि फार लवकर गेला. त्याच्या तेराव्याला धर्मा आणि मी घराबाहेरच्या नळावर पाय धुवत होतो, तेव्हा दोघांनाही एकदम तेच आठवले आणि आम्ही तिथे नळ चालू ठेवून उभे राहिलो.

एक गोष्ट मात्र वाडीला कायम नवलाची वाटली. आबांनी त्यानंतर कधी कौल लावला नाही. हौसाचे लग्न ठरले ते न विचारता. वावराचा तुकडा विकला तोही न विचारता. बोडक्यावर ते पुन्हा गेले नाहीत. देवाचा दिवस आला की अंगणातूनच माथ्याकडे बघून हात जोडायचे, नेहमीपेक्षा जास्त वेळ. लोक म्हणायचे, छातीमुळे जमत नाही. मी एकदा सुट्टीत गेलो असताना विचारले, तर म्हणाले, "इचारायचं ते एकच व्हतं, ते झालं." मला वाटले म्हातारा तृप्त आहे. धर्माला नोकरी लागल्याचे बघून ते गेले.

या चैत्रात धर्माचा फोन आला. आता बोडक्याच्या वाटेला पायऱ्या केल्या आहेत, कठडेही लावले आहेत, शनिवार-रविवार पुण्यामुंबईची मुले टोप्या घालून चढतात. हौसाची नातवंडे तिच्या मागे लागली, म्हणून ती या वयात त्यांच्याबरोबर निघाली, आणि धर्माही गेला. उंबर अजून आहे. त्याच्याखाली तो दगडही. हौसा दम खायला दगडावर बसली आणि नातवंडांना सहज सांगू लागली, तुमचे पणजोबा त्या दिवशी इथेच बसले होते, धर्माआजोबाचा कौल बघायला आले तेव्हा. ती बाजूच्या झाडीत, जरा वरच्या अंगाला, पातेरा गोळा करत होती, तिला वरून सगळे दिसत होते. आबा आले, बसले. पुष्कळ वेळ बसले. वर बघून काहीतरी बोलत होते. मग उठले, तांब्यातले पाणी उंबराच्या बुडाशी ओतले, तांब्या पालथा केला आणि घरी निघाले.

धर्माने तिला विचारले की म्हणजे आबा वर गेलेच नाहीत? ती म्हणाली, न्हाई. मग हे तू इतकी वर्षे सांगितले का नाहीस, असे त्याने विचारले. फोनवर हे सांगताना धर्मा थांबला. पलीकडे त्याच्या घरातला पंखा फिरत असल्याचा आवाज येत होता.

हौसाला त्या प्रश्नाचेच नवल वाटले होते. ती म्हणाली होती, "त्यात काय सांगायचं व्हतं, दादा? आबाला दम लागायचा. म्हनून देवच हितवर खाली आला आसंल."